पहिल्या कटाआधी

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन चित्रपटाची सामग्री खरेदी करून आले. त्या खरेदीत विल्यमसन कॅमेरा होता आणि फिल्मच्या कडांना भोके पाडणारे एक यंत्रही होते. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. अंधारात बसून, हाताच्या अंदाजाने ती यंत्रात सरकवून, कडेने एकसारखी भोके पाडून घेतल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चढत नसे. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करत. चित्रीकरणानंतर फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात असे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्यामागे अशा कितीतरी रात्री होत्या. भोके कमीजास्त अंतरावर पडली असती, तर पडद्यावर चित्र थरथरले असते.

चित्रपटव्यवसायात ‘कच्ची फिल्म’ म्हणजे अजून प्रकाश न पाहिलेली फिल्म. डिजिटल कॅमेऱ्याने हा शब्द पुढे सरकवला. आता ‘रॉ’ फुटेज म्हणजे चित्रीकरण पूर्ण होऊन कार्डात बसलेले, पण चित्र म्हणून अजून पुरते न घडलेले साहित्य. कच्चेपणा पूर्वी कॅमेऱ्याच्या अलीकडे होता, तो आता पलीकडे गेला. त्याबरोबर छायालेखक आणि प्रयोगशाळा मिळून घेत असत ते कित्येक निर्णय संकलकाच्या टेबलावर येऊन पडले. या पुस्तिकेचा विषय नेमका तिथे सुरू होतो: कार्ड हातात आल्यापासून टाइमलाइनवर पहिला कट पडेपर्यंतचा वेळ.

हा वेळ नवखे संकलक दोन तऱ्हांनी वाया घालवतात. एक जण फुटेज जसे आले तसे टाइमलाइनवर ओततो आणि लगेच कापायला बसतो. पंधरा दिवसांनी त्याला कळते की प्रोजेक्टचा फ्रेम रेटच चुकला आहे. दुसरा जण रंगांची चाके फिरवत बसतो. तीन दिवसांनी त्याच्याकडे सात शॉट सुंदर झालेले असतात आणि कट एकही लागलेला नसतो. पुढच्या पानांचा आग्रह एवढाच आहे की कच्च्या फुटेजची मांडणी हा संकलनाचाच पहिला भाग आहे. ती क्रमाने करावी, थोडक्यात करावी आणि पहिल्या कटाआधी संपवावी.

त्यासाठी रॉ म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. सेन्सरला रंग कळत नाहीत. त्यावरचा प्रत्येक ठिपका आपल्यावर प्रकाश किती पडला, एवढेच मोजतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी यावर तोडगा काढला आणि १९७६ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. ठिपक्यांवर रंगीत गाळण्यांची एक जाळी बसवायची: निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, उरलेल्या पाव भागावर निळी. हिरव्याला दुप्पट वाटा, कारण माणसाच्या डोळ्याला बारीक तपशील त्या रंगाच्या उजेडात अधिक कळतो. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष माहीत असतो. बाकीचे दोन शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने काढावे लागतात. या क्रियेला बेयर यांच्याच नावावरून ‘डीबेयर’ करणे म्हणतात.

मोबाइल किंवा साधा कॅमेरा हे काम जागच्या जागी उरकून टाकतो. रंगांचा अंदाज बांधतो, पांढऱ्याचा तोल ठरवतो, कॉन्ट्रास्ट आणि धार देतो आणि सगळे दाबून छोटी फाइल हातात ठेवतो. नेहमीच्या आठ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. रॉ लिहिणारा कॅमेरा हे निर्णय अंमलात आणत नाही, फाइलच्या कडेला टिपून ठेवतो; आणि बारा बिटमध्ये पायऱ्या होतात ४,०९६. हा फरक कागदावर मोठा दिसतोच, पण सावलीतला चेहरा उजळायची वेळ येते तेव्हा तो डोळ्यांनी दिसतो. आठ बिटच्या चित्रात गालावर पट्टे उमटतात, बारा बिटच्या चित्रात कातडी कातडीच राहते.

अंदाज कधी चुकतोही. पैठणीच्या पदरावरची बारीक वीण लांबून टिपली की पडद्यावर त्या पदरात भलत्याच लहरी, इंद्रधनुषी पट्टे नाचू लागतात. वीण ठिपक्यांच्या जाळीपेक्षा बारीक पडल्याचा हा परिणाम. हा दोष चित्रीकरणाच्या वेळीच चित्रात शिरलेला असतो. रॉच्या मांडणीत तो थोडा सौम्य करता येतो, पुसता येत नाही.

कच्च्या डिजिटल चित्रणाच्या पहिल्या मोठ्या कसोट्यांपैकी एक मुंबईतच झाली. २००७ च्या अखेरीस दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी ‘स्लमडॉग मिलियनेर’चे चित्रीकरण सुरू केले. झोपडपट्टीच्या बोळांतून धावणाऱ्या मुलांच्या मागे धावायचे, तर मोठा फिल्म कॅमेरा कामाचा नव्हता. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी ‘एसआय-२के’ हा छोटा कॅमेरा निवडला. त्याचे भिंगासहितचे डोके मुठीत मावण्याजोगे होते आणि ते तारेने पाठीवरच्या पिशवीतल्या संगणकाला जोडलेले असे. फुटेज ‘सिनेफॉर्म रॉ’ या दाबलेल्या कच्च्या स्वरूपात लिहिले जाई. सेटवर दिसणारा रंगांचा साज फाइलला फक्त चिकटवलेला असे, भाजलेला नसे. चित्रपटाचा काही भाग फिल्मवरही आहे. २००९ च्या ऑस्करमध्ये या चित्रपटाला आठ पुरस्कार मिळाले. छायालेखनाचा ऑस्कर मिळवणारा, मोठ्या अंशी डिजिटल चित्रीकरणाचा तो पहिला चित्रपट ठरला. संकलनाचा पुरस्कार क्रिस डिकन्स यांना आणि ध्वनिमिश्रणाचा पुण्याच्या एफटीआयआयचे माजी विद्यार्थी रेसूल पूकुट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. मुंबईचे ऊन, पत्र्यावरची चकाकी आणि बोळातला काळोख एकाच धावत्या शॉटमध्ये येत होते. अशा शॉटचा एक्स्पोजर जागेवर अचूक ठरवणे जवळजवळ अशक्य असते, आणि नेमका तिथेच कच्चेपणा उपयोगी पडला.

त्याच सुमारास, २००७ मध्ये, ‘रेड वन’ कॅमेरा बाजारात आला. नुसत्या कॅमेऱ्याची किंमत १७,५०० डॉलर, आणि तो ४के आकाराचे दाबलेले रॉ लिहीत असे. २०१८ मध्ये अॅपलने ‘प्रोरेस रॉ’ आणले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ‘ब्लॅकमॅजिक रॉ’. या शेवटच्या प्रकारात डीबेयरचे थोडे काम कॅमेराच उरकतो, त्यामुळे संगणकावरचा भार हलका होतो. काटेकोर मंडळी त्याला शुद्ध रॉ म्हणायला तयार नसतात. संकलकाने या वादात अडकू नये. पांढऱ्याचा तोल आणि आयएसओ मागाहून बदलता येतात, त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच.

सॉफ्टवेअरची कथा तर याहून विलक्षण आहे. ‘दा विंची’ हे एकेकाळी मोठ्या स्टुडिओंच्या रंगखोलीतले, लाखो डॉलर किमतीचे यंत्र होते. २००९ साली ब्लॅकमॅजिकने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. २०१० मध्ये मॅकवर चालणारी आवृत्ती ९९५ डॉलरला आली आणि २०११ मध्ये एक आवृत्ती फुकट मिळू लागली. आज लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाच्या लॅपटॉपवर ‘दा विंची रिझॉल्व्ह’ असते ते यामुळे. या पुस्तिकेतली उदाहरणे त्याच सॉफ्टवेअरची घेतली आहेत. प्रीमियर किंवा फायनल कट वापरणाऱ्यांना बटणांची नावे वेगळी दिसतील, मुद्दे तेच राहतील.

आता आधी हिशेब, कारण रॉ फुटेज जागा खाते. ४,०९६ गुणिले २,१६० ठिपके म्हणजे एका फ्रेममध्ये ८८ लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येकाला बारा बिट धरले तर एक फ्रेम सुमारे १३.३ एमबीची होते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३३२ एमबी आणि तासाला जवळजवळ १.२ टीबी. म्हणून फाइल दाबून लिहितात. ब्लॅकमॅजिक रॉमध्ये ३:१, ५:१, ८:१ आणि १२:१ अशी प्रमाणे मिळतात. ८:१ ला तोच तास साधारण १५० जीबीत बसतो. दिवसाला तीन तास चित्रीकरण झाले तर ४५० जीबी, आणि त्याच्या दोन प्रती ठेवायच्या तर ९००. हा आकडा चित्रीकरणाला निघण्याआधी वहीत मांडायचा असतो. रात्री अकरा वाजता मुक्कामी हार्डडिस्क भरली की माणसे कार्ड पुसण्याचे वेडे धाडस करतात.

प्रती काढतानाही नुसते ओढून टाकणे पुरेसे नाही. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर ‘क्लोन टूल’ आहे. ते कार्डाची प्रत काढते आणि मूळ फाइल व प्रत आकड्यांनी ताडून पाहते. कार्डातल्या फोल्डरांची रचना मोडू नये आणि फाइलींची नावे बदलू नयेत. रेडच्या कॅमेऱ्यात एकच लांब शॉट अनेक तुकड्यांत लिहिला जातो आणि ते तुकडे नावांवरूनच एकमेकांना ओळखतात. एखाद्याने ‘आजीचा इंटरव्ह्यू फायनल’ असे सुबक नाव दिले की शॉट तुटलाच. नावे द्यायची ती सॉफ्टवेअरच्या आत, बिनमध्ये.

मांडणी प्रत्यक्षात कशी होते, ते पाहण्यासाठी एक क्लिप उघडू. आषाढी वारीवर माहितीपट करणाऱ्या एखाद्या तरुण गटाची कल्पना करावी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघाली आहे आणि दिवे घाटाच्या वळणांवर वारकऱ्यांची रांग चढते आहे. आभाळ भरलेले आहे, मधूनच ऊन पडते. पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, डोक्यावरची तुळस. आदल्या रात्री या गटाने मुक्कामाच्या पालात पिवळ्या दिव्याखाली भजन टिपले होते आणि कॅमेऱ्याचा पांढऱ्याचा तोल ३,२०० केल्विनवर ठेवला होता. सकाळच्या गडबडीत तो बदलायचा राहिला. परिणाम असा की सबंध घाट निळा. धोतरे निळी, आभाळ निळे, भगवी पताका मळकट तपकिरी.

साधे फुटेज असते तर हा शॉट सुधारताना कातडीचे रंग हातातून गेले असते. इथे कलर पानावर जाऊन कॅमेरा रॉचा कप्पा उघडायचा. त्यात पहिलाच प्रश्न असतो की चित्र कोणाच्या सांगण्यावरून उलगडायचे: कॅमेऱ्याने टिपलेल्या नोंदींवरून, सबंध प्रोजेक्टच्या एका ठरावावरून की या एका क्लिपच्या स्वतंत्र ठरावावरून. ‘क्लिप’ निवडले की खालचे आकडे जागे होतात. केल्विनचा आकडा ३,२०० वरून ५,६०० वर नेला की धोतर पांढरे होते. ढगाळ उजेडासाठी आणखी थोडा, ६,५०० च्या आसपास नेला की पताकेचा भगवा परत येतो. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो. जास्त केल्विन म्हणजे निळा उजेड, असे त्याने वाचलेले असते आणि आकडा वाढवल्यावर चित्र मात्र पिवळे होते. कारण हा आकडा सॉफ्टवेअरला सांगतो की चित्रीकरणाच्या वेळी उजेड इतका निळा होता. मग सॉफ्टवेअर तेवढा निळेपणा काढून घेते. एकदा हे कळले की हात चाचपडत नाही.

त्याखाली असते टिंट, म्हणजे हिरवा आणि किरमिजी यांच्यामधला तोल. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरे हिरवट पडतात तेव्हा तो कामी येतो. मग एक्स्पोजर आणि आयएसओ. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के या कॅमेऱ्याला ४०० आणि ३,२०० असे दोन मूळ आयएसओ आहेत. कमी पट्टीत टिपलेला शॉट मागाहून त्याच पट्टीत, १,००० पर्यंत, हलवता येतो. वरच्या पट्टीत नेता येत नाही, कारण ती निवड सेन्सरच्या पातळीवर झालेली असते. गॅमामध्ये ‘फिल्म’ निवडले तर चित्र राखाडी, निस्तेज दिसते. तसे दिसणेच अपेक्षित आहे, कारण उजळ आणि काळोख्या भागांतला तपशील त्यात दाबून बसवलेला असतो. रंगकाम करणाऱ्याला तेच हवे असते. पण संकलन करताना राखाडी चित्र पाहत बसू नये. महिनाभर धुक्यातून पाहिल्यासारखे चेहरे पाहिले, तर डोळ्यांतले भाव ओळखण्याची नजर बोथट होते आणि कट चुकीच्या जागी पडतात. म्हणून पाहण्यापुरता ‘एक्स्टेंडेड व्हिडिओ’ किंवा एखादा साधा लट, म्हणजे रंगांचा तयार साचा, लावावा आणि पुढे जावे.

आभाळाचा भाग मात्र उरतो. ढगांमागून ऊन आले त्या क्षणी आभाळाचा एक तुकडा जळून पांढरा झाला आहे. ‘हायलाइट रिकव्हरी’वर खूण केली की लाल, हिरवा, निळा यांपैकी ज्या रंगात थोडी माहिती शिल्लक आहे तिच्यावरून ढगाची कड पुन्हा उभी राहते. कुणाच्या डोक्यावरच्या पितळी तुळशीवृंदावनावर चमकलेला सूर्य मात्र परत मिळत नाही. तिथे तिन्ही रंग काठोकाठ भरलेले असतात आणि भरलेल्या भांड्याने पुढचे काही मोजलेले नसते.

घाटातल्या एका शॉटवर हे जमले की तेच आकडे त्या उजेडातल्या सगळ्या शॉटना लावायचे. शॉट निवडून ‘यूज चेंजेस’ दाबले की फक्त बदललेले आकडे जातात, ‘यूज सेटिंग्ज’ दाबले की सगळेच. असे पाच-सहा गट पुरतात: घाटातला ढगाळ उजेड, दुपारचे ऊन, पालातला पिवळा दिवा, मंडपातली ट्यूबलाइट, संध्याकाळ. प्रत्येक गटाचा एक प्रातिनिधिक शॉट नीट करावा, बाकीच्यांना तेच द्यावे आणि कप्पा बंद करावा. यातल्या कशानेही मूळ फाइलला धक्का लागत नाही. ब्लॅकमॅजिक रॉचे बदल मूळ फाइलशेजारी ‘साइडकार’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये जपून ठेवता येतात. ती काढून टाकली की क्लिप कॅमेऱ्याच्या मूळ नोंदींवर परत येते.

रॉ असले की सगळे दुरुस्त होते, ही समजूत फार पसरली आहे आणि ती महागात पडते. फोकस गेलेला परत येत नाही. शटर बदलत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेरा २४ फ्रेमवर आणि शटर १८० अंशांवर ठेवून मंडपात कीर्तन टिपले, तर चित्रात दिव्याचे पट्टे सरकताना दिसू शकतात. २४ फ्रेमला १७२.८ अंश ठेवले असते, तर प्रत्येक फ्रेम बरोबर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी उघडी राहिली असती आणि पट्टे आले नसते. २५ फ्रेमला १८० अंशांत तेच साधते. हा आकडा रॉच्या कप्प्यात नसतो, तो मंडपातच हातातून निसटलेला असतो. पट्टे कमी करणारी साधने आहेत, पण त्यांची गरज न पडणेच बरे.

यातून विषय फ्रेम रेटवर येतो, आणि प्रोजेक्ट सुरू करताना सगळ्यात जास्त जपायचे ते इथे. पहिली क्लिप आत आणताना तिचा फ्रेम रेट प्रोजेक्टपेक्षा वेगळा असेल, तर रिझॉल्व्ह एक चौकट दाखवून विचारते: प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलायचा का? पुष्कळ जण ती चौकट न वाचता दाबून टाकतात. टाइमलाइन बनून कामाला लागली की तिचा फ्रेम रेट मागाहून बदलता येत नाही. म्हणून आधी ठरवावे: चित्रपटगृहासाठी २४, दूरचित्रवाणीसाठी २५. २४ आणि २३.९७६ हे एकच, असेही समजू नये. या दोहोंत तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. वेगळ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केलेला मृदंग तेवढा सरकला, तर थाप एकीकडे आणि हात दुसरीकडे अशी गत होते.

मोबाइलवरचे चित्रण या बाबतीत विशेष त्रासदायक असते. बरेच मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत. उजेड आणि यंत्रावरचा भार पाहून तो मागेपुढे करतात. अशी क्लिप थेट टाइमलाइनवर घेतली की सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि दहा मिनिटांनी फारकत होते. ‘हँडब्रेक’सारख्या फुकट साधनातून ती आधी स्थिर फ्रेम रेटवर आणून घ्यावी.

संगणक धिमा असेल तर प्रॉक्सी कराव्यात, म्हणजे प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी प्रत. कट तिच्यावर लावायचे. शेवटी फाइल काढताना सॉफ्टवेअर मूळ कच्च्या फाइलकडे वळते. रॉसाठी आणखी एक सोय आहे. प्रोजेक्टच्या कॅमेरा रॉ मांडणीत डीबेयरचा दर्जा निम्मा किंवा पाव करता येतो. चित्र थोडे मऊ दिसते, पण अडखळत नाही, आणि डिलिव्हर पानावर पूर्ण दर्जाचा आग्रह धरणारी एक खूण आहे, ती तेवढी आठवणीने करायची. अडखळणाऱ्या चित्रावर कट लावणे हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. लय ऐकू येते तशी दिसावीही लागते.

इथवर आले की मांडणी संपते आणि पाहणे सुरू होते. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाचा अनुभव या बाबतीत मोलाचा आहे. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी साडेबारा लाख फूट फिल्म खर्ची पडली होती, म्हणजे २३० तासांहून अधिक चित्रण, चित्रपट झाला दोन तास पंचवीस मिनिटांचा. वापरलेल्या प्रत्येक मिनिटामागे ९५ मिनिटे होती. अशा ढिगाऱ्यापुढे मर्च यांची पद्धत साधी असे. फुटेज पहिल्यांदा पाहतानाच मनात जे येईल ते ते टिपून ठेवत, कारण ती पहिली नजर पुन्हा मिळत नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या प्रत्येक मांडणीतली एक-दोन बोलकी छायाचित्रे काढून ती भिंतीवर ओळीने लावत. १९९६ चा ‘द इंग्लिश पेशंट’ त्यांनी अॅव्हिडवर पूर्ण केला आणि २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ फायनल कट प्रोवर; यंत्रे बदलली, टिपणांची सवय तीच राहिली.

वारीच्या फुटेजलाही हेच लागू पडते. चाळीस तासांचे चित्रण असेल तर ते चाळीस तास पाहावेच लागतात, आणि शक्यतो दिवसाच्या क्रमाने. पाहताना क्लिपवर खुणा कराव्यात, जवळ वही ठेवावी, ‘वीणेकऱ्याने मागे वळून पाहिले’ इतके साधे वाक्यही लिहून ठेवावे. सहा आठवड्यांनी तेच वाक्य अडलेल्या प्रसंगाची वाट मोकळी करते. मग निवडक शॉटची एक वेगळी टाइमलाइन करावी, तिच्यातून आणखी निवडकांची दुसरी. घाटाच्या प्रसंगासाठी दोनशे शॉट असतील तर त्यांतले तीस पहिल्या निवडीत उरावेत आणि बारा दुसऱ्या. कट त्या बारांतून लावायचा. पांढऱ्याचा तोल आधीच सारखा करून घेतल्याचा फायदा इथे दिसतो: निळा शॉट वाईट आणि पिवळा शॉट चांगला, असा डोळ्यांचा गैरसमज होत नाही. वारकऱ्याचा चेहरा काय सांगतो, यावरच निवड होते.

पुढची प्रकरणे अशा क्रमाने आहेत: कार्ड आणि प्रती, प्रोजेक्टचे आकडे, कॅमेरा रॉचा कप्पा, ध्वनी जुळवणे, प्रॉक्सी, निवड आणि रफ कट. रंगकाम मुद्दाम शेवटी ठेवले आहे. मध्येच त्या प्रकरणाकडे उडी मारण्याचा मोह होईल. रफ कट उभा राहीपर्यंत तो आवरावा, ही विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम मात्र आजच करावे. कपाटात पडून असलेले शेवटचे कार्ड काढावे आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर ताडून ठेवावी. ती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.